पालथी

ब्यूडलीत गुरुवारचा लिलाव. सेव्हर्न नदी
धक्क्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेली, गढूळ.
पेंडरेल सगळ्यांच्या आधी हजर.
कुणाशी बोलणं नाही, कोटही काढत नाहीत,
वाटी उचलतात आणि थेट पालथी घालतात.
बुडाशी निळा अर्धचंद्र, नखाएवढा,
शेजारी कुणा रंगाऱ्याची खूण:
दोन फराटे, एक ठिपका.

"वूस्टर. सतराशे साठ, थोडं इकडेतिकडे."
मग खिशातला टॉर्च वाटीत धरतात
आणि ती भाजलेली माती हिरवट उजळते,
काकडीच्या कोवळ्या गरासारखी.
बावीस वर्षं मी इथे खोकी उचलतोय,
तरी कपाट लावता लावता हात थांबतो.

वाटीला कान नाही. तेव्हा तशीच असायची,
बोटं भाजायची, ऐट टिकायची.
बाहेरून एक चिनी कोळी, होडीत बसलेला.
त्याच्या गळाची दोरी पाण्यापर्यंत पोचतच नाही.
चीन कुणी पाहिला होता, ठीक आहे,
पण नदी तर कारखान्याच्या खिडकीखालीच होती!
पेंडरेल म्हणतात, जेवणाची घंटा झाली असेल.

एकशे चाळीस पौंडांवर हातोडा पडला.
दुसऱ्या रांगेत मिसेस ओल्डॅकर एकशे तीसला थांबल्या होत्या,
ओठ घट्ट मिटून.
नंतर त्या मागच्या दाराशी आल्या, जिथे मी कागद चुरगाळून भरतो,
आणि गळ्यातल्या मफलरमधून
एक बशी काढून टेबलावर ठेवली.
तोच कोळी. दोरी इथेही अर्ध्यावर.
खाली दोन फराटे, एक ठिपका.

पेंडरेलनी वाटी तिच्यात ठेवली, श्वास रोखून.
डुगडुगली.
बशी केसभर मोठी. हात एक, संच दुसरा.

"विकायची नाही," त्या म्हणाल्या.
"मी विचारलं कुठे?"
पण दोघांपैकी कुणी आपली वस्तू उचलेना.
बाहेर कुणीतरी व्हॅनचा हॉर्न वाजवत होतं.

मी थर्मासमधला चहा तीन कागदी कपांत ओतला.
दोघं उभ्याउभ्या प्यायले, टेबलापासून लांब,
थेंब उडू नये म्हणून.
आणि मी, काय सांगू,
माझ्या कपाच्या बुडाशी काय आहे ते बघायला गेलो
तर सगळा चहा बुटावर.