कुणाचे कान

अठ्ठावीस वर्षं कागदाच्या मशीनशेजारी उभा राहिलो,
त्यात माझ्या कानांचे वरचे मजले गेले.
चिमणी आता मला फक्त दिसते.
मुलीने पैसे पाठवले. म्हणाली, चांगले स्पीकर घ्या,
पण कुणा जाणकाराला विचारून.

जाणकार.
टाम्पेरेत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात,
विचारत फिरायला वेळच वेळ.

दुकानातला ताइस्तो आकड्यांत बोलतो.
तळापासून वीस हजारांपर्यंत, म्हणतो, सरळ रेघ.
मी म्हटलं, साडेचार हजारांच्या पुढे
माझ्याकडे नुसता बर्फ आहे.
त्याने हळहळून मान हलवली
आणि आणखी महागातली जोडी दाखवली.

यॉर्माकडे मनगटाएवढी जाड तार आहे,
लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली, जमिनीला शिवू नये म्हणून,
सोवळ्यातल्यासारखी.
"आता ऐक. पडदा बाजूला झाला ना?"
मी हो म्हटलं.
माणूस हलक्या कानाचा झाला
की हो म्हणणं सोपं जातं.

एका इंजिनिअरने खोलीच्या मधोमध माइक रोवला,
कोपऱ्याकोपऱ्यात टाळ्या वाजवल्या, आलेख काढला,
आणि दोष माझ्या सोफ्यावर ठेवून गेला.

हिल्क्का पियानो सुरात लावून देते, चाळीस वर्षं.
तिच्यासारखे कान अख्ख्या शहरात नाहीत.
तिच्या स्वयंपाकघरात एक रेडिओ,
एरियलच्या जागी काट्याचा चमचा खोचलेला.
"दिवसभर चुका ऐकते," ती म्हणाली,
"घरी आल्यावर आणखी ऐकायला नको."
बटाटे सोलत होती.
सल्ला दिला नाही, बटाटे दिले.

शेवटी ताइस्तोकडून दोन जोड्या पंधरा दिवसांसाठी आणल्या.
एक काळी, माझ्या छातीला लागेल एवढी,
एक तपकिरी, पावाच्या डब्याएवढी.
आलटून पालटून एकच जुना टँगो लावायचो.
वहीत दोन रकाने आखले होते,
नवव्या दिवशीही दोन्ही कोरे.

त्या संध्याकाळी दार वाजलं. खालची कुलिक्की.
सव्वीस वर्षांत लिफ्टमध्ये आमचं बोलणं
बर्फाचं आणि सौनाच्या पाळीचं, तेवढंच.
मी माफी मागायच्या तयारीने दार उघडलं.

"मंगळवारचे ठेवा," ती म्हणाली.
"कालच्यांनी माझे कपाटातले कप सरकले,
आणि तो मोठा तंतूवाला
घोंगडी पांघरून चालल्यासारखा.
मंगळवारी मला त्याची बोटं कळली,
कुठे टेकली, कुठून उचलली."

मंगळवारी तपकिरी होते.

भिंतींना कान असतात हे ऐकून होतो.
माझ्या जमिनीखाली ते सव्वीस वर्षं तयार होत होते
आणि मी तारा मोजत हिंडत होतो.

तिला आत बोलावलं. सोफ्याच्या,
त्याच गुन्हेगार सोफ्याच्या, कडेवर बसली.
सुई टेकवली. आठ मात्रा गेल्या
आणि तिने एकदम हात वर केला.
"हे कोण?"
"गाणारा."
"ह्यात गाणारा आहे?"

तिने सगळं ऐकलं.
बंदर, ती बोट, न परतलेली बाई,
खिडकीतला शेवटपर्यंत जळता ठेवलेला दिवा.
मग बराच वेळ हातमोजे उलटसुलट करत राहिली.
"मी ह्यावर फरशी पुसलीय," ती म्हणाली, "नाचत नाचत.
मला वाटायचं, आनंदाचं आहे."

मी सांगितलं, मलाही पूर्ण येत नाही,
ह्याचे 'स' माझ्यापर्यंत पोचायचे थांबलेत.
पुन्हा लावलं.
ह्या खेपेला ती पुढे वाकून, ओठ न हलवल्यासारखी,
एकेक 'स' मला देत गेली.

शुक्रवारी काळी जोडी परत केली.
"छान निवड," ताइस्तो म्हणाला, "कुणाला विचारलंत?"
"खाली."
"खाली कुठे?"
"आमच्या खाली."
त्याने कळल्यासारखं केलं
आणि बिलात तारेचे वेगळे लावले.