एका वेळी एकच आवाज

कुडचड्याला उमाकांत सरांच्या क्लासात
तीन कॉम्प्युटर होते. साउंड कार्ड एकालाही नव्हतं.
डब्याच्या पोटात सुपारीएवढा स्पीकर:
बंदूक म्हणजे टिक,
राक्षस म्हणजे टुर्र,
दार म्हणजे लांबून कुणी शीळ घालता घालता विसरावं
तसं काहीतरी.
आणि एका वेळी एकच.
गोळी सुटली की गुरगुर मध्येच तुटायची,
दार उघडलं की गोळी.
कुणी कुणाच्या बोलण्यावर बोलत नसे.
इतकी सभ्य लढाई मी पुन्हा पाहिली नाही.

एका खुर्चीत आम्ही दोघे, मी आणि कायतान.
त्याला ते सोसायचं नाही.
“ही बंदूक न्हय रे, हो हुंदीर,” म्हणायचा
आणि तोंडानं भरून काढायचा:
घशातून बार,
जिभेनं टाळूवर काडतूस,
मेलेल्या राक्षसासाठी
कपेलातल्या जुन्या पेटीचा भाता फाटावा तसा श्वास.
बटणं माझी, आवाज त्याचे.
थुंकी दोघांच्या स्क्रीनवर.

मग मडगावला मावसभावाकडे
तोच खेळ कार्डासकट ऐकला.
बार छातीत बसला, हे खरं.
पण मी थांबलो तो दारापाशी.
सुस्स करून वर जाणारं लोखंड, शेवटी एक ठोका.
अरे, हा तर टिप्पर!
आमच्या दारावरून दिवसभर खेपा घालणारा,
जेटीवर हौदा उचलून खनिज ओतणारा,
तोच उसासा, तोच ठोका.
कायतानला सांगितलं. तो म्हणाला,
अमेरिकन माणूस सावर्ड्याला येऊन टेप करून गेला असणार,
त्याच्या पायनं एक गोरा पाहिलाही होता पुलावर.
अख्खा मे महिना आम्ही हे खरं धरून चाललो.

आता रात्री हेडफोन लावून
मी सगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवतो.
टीव्हीला जोडायच्या यंत्रावरची बंदूक
उशी दाबून झाडल्यासारखी.
मोबाइलवरची बंदूक पत्र्याची.
नव्या, धुऊन काढलेल्या आवृत्तीत
काडतुसं एकेक मोजता येतात,
राक्षस इतका स्वच्छ गुरगुरतो
की त्यानं दात घासलेत असं वाटतं.
मंजिरी एक कान लावून म्हणते, सगळे सारखेच तर आहेत.
तिचं फारसं चुकत नाही.

खरी बंदूक मी एकदाच ऐकली.
कायतानच्या पायकडे लायसन होतं,
काजूच्या बागेत रानडुकरं शिरायची.
ओट्यावर फळी पडावी एवढाच आवाज.
आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो, फसल्यासारखे.
पण त्यानंतर
माडांवरून, आंब्यावरून सगळी वटवाघळं उठली
आणि कितीतरी वेळ
अंधार चामड्यासारखा फडफडत होता.
हे कुठल्याच आवृत्तीत नाही.
मी आवाज पूर्ण वाढवून पाहिलंय.

खाणी बंद झाल्या तेव्हा रस्ता इतका गप्प झाला
की आईला झोप लागेना.
अंगणात उभे करून ठेवलेले टिप्पर
टायरांपासून खचत गेले,
एकाच्या हौद्यात पावसाळी गवत.
नव्या आवृत्तीतलं दार मात्र अजून उघडतं,
बिनचूक, सुस्स आणि ठोका,
फक्त त्याच्या मागे रस्ता नसतो.

कायतान स्विंडनला गोदामात खोकी लावतो.
त्याला तिन्ही बार पाठवले. विचारलं, खरा कुठला?
दोन दिवस काही नाही.
मग चार सेकंदांचा व्हॉइस मेसेज:
घशातून तोच बार, पंचेचाळिशीचा, जरा कफ असलेला,
जीभ टाळूला लागते,
काडतूस बसणार
इतक्यात मागून कुणीतरी इंग्रजीत त्याला हाक मारतं
आणि तो “येस” म्हणतो.