फळी

मैदान म्हणावं असं काही नव्हतं.
कामठी रोडला वीटभट्टीमागचा मुरूम,
त्यावर चुन्यानं ओढलेला लांबट वेढा, कडेला पाण्याचा टँकर,
आणि वर मे महिन्याचं आकाश,
दुपारी दोनला पांढरं पडलेलं.

गाड्या रोजच्याच. कुणाची फियाट, कुणाची ॲम्बेसेडर.
काचा काढलेल्या, मागच्या सीटा घरी ओट्यावर टाकलेल्या,
दारं तारेनं बांधलेली. शिरायचं खिडकीतून.
हिरामण हेडाऊची फियाट सत्तावीस नंबरची.
आकडा मीच रंगवला होता,
साताची शेपटी जरा लांब गेली.

त्याचा बाप पाचपावलीत मागावर बसायचा.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, सगळा जन्म.
पोरगा मात्र गोल फिरायला लागला,
तेही फक्त डावीकडे.
"जाते कुठं बे तू?" बाप विचारायचा.
प्रश्न बरोबर होता. तीस फेऱ्या मारून
तो निघाला तिथंच परत यायचा,
दातांत धूळ घेऊन हसत.

आत भट्टी. स्टिअरिंगला हात लावला की फोड.
मग शेवंतावहिनीनं
खिडकीच्या मापाची वाळ्याची ताटी शिवली.
तो आत बसला की बादलीतून काढून
ठिबकती बांधायची, दोन गाठी मारून.
लोक ओरडायचे, न्हाणी आली रे न्हाणी!
विसाव्या फेरीला त्यातल्याच काहींच्या गाड्या
वाफ सोडत कडेला लागायच्या,
आणि आमच्यासमोरून एक वास जायचा:
पेट्रोल, जळका क्लच,
मधेच ओला वाळा.

माझं काम फळीचं.
उरलेल्या फेऱ्या खडूनं लिहायच्या,
तो येताना दिसला की डोक्यावर धरायची.
बस.

चौऱ्याऐंशी साली, शेवटच्या शर्यतीत,
तो कुलवंतच्या मागे चिकटून होता.
राखून ठेवलं होतं त्यानं थोडं, शेवटच्या वळणासाठी.
मी लिहिलं दोन.
उरली होती एक.

झेंडा पडला तेव्हा तो अजून वाट बघत होता.

खिडकीतून बाहेर आला. फळीकडे पाहिलं,
माझ्याकडे नाही.
"पाणी दे," म्हणाला.

फियाट त्यानं विकली नाही, कापली.
पहिला कूलर त्याच पत्र्याचा,
पंखा रेडिएटरपुढचा, ताटी वहिनीच्या हातची.
मागच्या बाजूला साताची शेपटी तशीच राहिली.
जरीपटक्यातल्या एका शिवणकामवालीनं घेतला तो,
घासाघीस करून, वर स्टँड फुकट.

बँकेच्या साहेबानं विचारलं, धंद्याचा अनुभव?
"डावीकडे चांगला वळतो," हा म्हणाला.
कर्ज अर्थातच नाही मिळालं.
पत्रा उधार दिला कुलवंतनं,
ट्रकच्या बॉड्या बांधायचा तो, वाडी नाक्यावर.
का दिला ते दोघांपैकी कुणी बोललं नाही.

आता हिंगण्याला शेड आहे.
एप्रिलात दिवसाला दीडशे निघतात.
शंभर पोट्टे कामाला, त्यातल्या कुणाला
हा माणूस कधी खिडकीतून गाडीत शिरायचा
हे सांगून पटत नाही.
सत्तरी उलटली. सकाळी चक्कर मारतो, डावीकडूनच.
लाइट गेली की सगळे पंखे एकदम मंदावतात,
तेव्हा तो डोळे मिटून उभा राहतो
आणि बोट दाखवतो: त्या तिसऱ्याचं बेअरिंग काढ.
काढलं की निघतंच खराब.

मी गेटवर असतो, चलान लिहितो.
ट्रक भरला की आकडा टाकून त्याच्यापुढे धरतो.
तो सही करतो. मोजत नाही.
इतक्या वर्षांत एकदाही मोजलं नाही त्यानं.

मी मोजतो. दोनदा.
कधी ड्रायव्हर हॉर्न मारत असताना
ताडपत्री पुन्हा सोडायला लावून, उन्हात,
तिसऱ्यांदा.