त्रेपन्न किलो

कडोलीहून बाबा रताळी नेतात मार्केट यार्डात.
माती झाडत नाहीत.
तेवढंच वजन भरतं.

मी दोन स्वेटर घालून पळते,
थुंकत राहते,
कालपासून घोटभर पाणी नाही.
आईनं झाकून ठेवलेली भाकरी
सकाळी म्हशीपुढे गेली.

काटा त्रेपन्नवर थरथरला, थांबला.
टेबलावरचे साहेब म्हणाले, "सरी, होगु."

चिकोडीची पोरगी पट काढणार,
हे तिच्या खांद्यावरूनच कळलं होतं मला.
पण पायांना निरोप पोचेस्तोवर
पाठ मॅटला टेकली होती.

वस्ताद काहीच बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये बाबांनी पिशवीतून
भाजलेलं रताळं काढलं.
सालीसकट खाल्लं मी.
दाताखाली
माती कचकचली.