जाण्याची वाट, येण्याची वाट

लॅब्राडोर, गूज बेची शेड. उणे एकतीस.
पाना बोटांना चिकटतो.
हेडलीनं जुना अल्टरनेटर उतरवला,
वीस वर्षं राबलेला.
भुईवर टाकला नाही,
बाकावर ठेवला, फडक्यावर.

नवा जड. तांब्यानं ठासून भरलेला.
त्याच्यापासून बॅटरीपर्यंत
अंगठ्याएवढी जाड वायर,
तेवढीच दुसरी, इंजिनापासून चेसीला.
"जाण्याची वाट रुंद केलीस
तर येण्याचीही कर," तो म्हणाला.
मी टॉर्च धरून.

विचारलं, विंच बसवणार?
की टपावर दिव्यांची रांग, पोरं लावतात तशी?
"नाही."
मग बराच वेळ नुसते नट आवळणं.

डल्सीचं यंत्र आहे,
हवेतून प्राणवायू गाळणारं.
मागच्या खेपेला, चर्चिल फॉल्सच्या अलीकडे,
हीटर लागला की दिवे मंदावायचे
आणि यंत्र शिट्टी घालायचं.
त्यानं हीटर बंद केला.
दोनशे किलोमीटर.
काचेला आतून बर्फ.
ती पांघरुणातून म्हणाली,
गाणं तरी म्हण एखादं.
त्याला एकही धड येत नव्हतं.

आता किल्ली फिरते.
डिझेल खोकतं, धरतं.
हीटर, दिवे, वायपर, पंखा,
सगळं एकदम लावून
तो काट्याकडे बघत बसतो:
चौदाच्या जरासा वर.
ढळत नाही.

बॉनेट उघडंच. हात पुसत
माझ्याकडे न बघता विचारतो,
"बुधवारी निघायचंय.
तुला येतं का रे
एखादं गाणं,
लांबलचक?"