लाल म्हणजे हिरवं

आमच्या नकाशात जिवंत ते लाल दिसतं.
नव्या पोरांना हे आधी सांगावं लागतं:
एक उजेड असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा.
पान तो पचवत नाही, परत फेकतं,
आणि त्या परतलेल्याला
आम्ही लाल रंग देतो. एवढंच.

नियामेच्या कचेरीत, मार्चच्या चित्रात,
झिंदेरच्या दक्षिणेला
जिथे सगळं मडक्याच्या रंगाचं असायला हवं
तिथे लाली होती.
सनूसी म्हणाला, धूळ असेल,
नाहीतर यंत्र म्हातारं झालंय.
मी एकोणीस मार्च काढले, एकावर एक ठेवले.
भाकरीला डाग पडत जावेत
तशी लाली वाढत गेली होती.

म्हणून गेले.
दोन दिवस बस, पुढे मोटारसायकल,
गळ्यात जीपीएस, पिशवीत मोजपट्टी.
आमच्यात याला भुईवरचं सत्य म्हणतात:
वरून जे दिसलं
ते खाली आहे का, विचारून यायचं.

गिदान मागाजीत देलू भेटली.
मी म्हटलं, जंगल बघायचंय.
"जंगल? हे माझं बाजरीचं रान."
आणि रानात, धसकटांच्या मधोमध,
गाओची झाडं, मार्चमध्ये भर पानांत.
"उलट्या काळजाचं झाड," ती म्हणाली,
"पावसात नागवं उभं राहतं, बाजरीला ऊन सोडतं.
बाकीचे नागवे झाले
की हे नेसतं."

कुणी लावली?
"कुणी नाही. मुळं खाली होतीच.
पूर्वी झाड सरकारचं, फॉरेस्टवाला दंड घ्यायचा,
फुटवा दिसला की आम्ही रात्रीच उपटायचो.
मग तो यायचा बंद झाला.
मी फक्त कुदळ आवरली,
फुटव्याला चिंधी बांधली,
पोरांना सांगितलं, चिंधी दिसली की वळसा."

एका चौकटीत अकरा झाडं. मी लिहून घेतलं.

संध्याकाळी तिने विचारलं,
ते तुझं वरून कधी जातं?
दर सोळा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास.
"तेव्हा मी कांडत असते. दिसते?"
नाही. चाळीस पावलं लांब, चाळीस रुंद,
त्याहून बारीक त्याला नजर नाही.
तुम्ही, उखळ, बकरी, घराचं छप्पर,
सगळं मिळून एक रंग.
"बरंय," ती म्हणाली, "चौकस नाही."

मग बराच वेळ काही नाही.
मग: "विहिरीजवळ एक मोठा गाओ होता.
दुष्काळात ह्यांनी तोडला, झिंदेरला विकला.
त्या पैशाचं धान्य अठरा दिवस गेलं.
पोरगी विसाव्या दिवशी गेली.
ते झाड दाखव."

लॅपटॉपात चौदा टक्के उरले होते.
तेव्हाच्या यंत्राची नजर आणखी जाड,
शंभर पावलांची एक चौकट.
विहीर शोधली. तिच्या शेजारी
एक चौकट किंचित गुलाबी.
झाड असेल. झुडूप असेल.
काहीच नसेल, नुसता खरखराट.
कचेरीत असते तर मी खोडली असती.

मी म्हटलं, इथे काहीतरी आहे.
तिने बोट ठेवलं.
"पुढच्या सालचं?"
पुढच्या साली ती चौकट राखेची.
बोट तसंच होतं.
"म्हणजे," ती म्हणाली,
"वरच्याला कळलं होतं."

मी काही बोलले नाही. स्क्रीन विझली.

अहवालात तो आकडा आहे, शेवटच्या तक्त्यात.
खात्री: कमी.

निघताना मी तिला तारीख सांगितली,
पुढची फेरी गुरुवारी.
तिने बोटांवर मोजलं, मान हलवली.
"गुरुवारी बाजार असतो. मी नसेन.
झाडं असतील."