क्रमांक सदतीस

खिशातलं सगळं काढून ठेवा म्हटलं
तर दस्तगीरभाईंनी टेबलावर मांडलं
स्कूटरची किल्ली, कानकोरणं, चिल्लर,
आणि शेवटी, जरा लाजत,
पोलादी तारेचं एक वेटोळं.
"सतारीची आहे मॅडम. तीन नंबर.
नसली तर खिसा ओकाबोका वाटतो."
मग तुम्ही बाहेरच बसा, मी म्हटलं.
आतला चुंबक रात्रंदिवस जागा असतो
आणि त्याला पाहुण्याची पारख नाही.

अल्फिया, वय चौदा, वजन एक्क्याऐंशी.
कानातले डूल काढले, पैंजण काढले,
पंधरा क्लिपा, मी मोजून ट्रेमध्ये ठेवल्या.
गाऊनच्या नाड्या मागे पुरेनात
तेव्हा दुसरा गाऊन उलट्या बाजूने घातला तिला,
काही न बोलता.
तीही बोलली नाही. दोघींनाही सवय होती.

चाळीस मुलांचा अभ्यास आहे हा.
मिरजेची, मालगावची, बेडगची,
कुपवाडच्या कारखान्यामागची दोन भावंडं.
प्रत्येकाची आई तेच वाक्य घेऊन येते:
बाळसं आहे हो, उंची वाढली की झडेल.
मी मान हलवते.
बाळसं मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे,
हे फक्त काळीज मोजतं.

कवितेतलं काळीज वेगळं,
ते तुटतं, धडधडतं, सुपाएवढं होतं.
मी म्हणते ते खाटकाच्या फळीवरचं,
उजव्या बरगडीआडचं,
आल्यागेल्याचं सगळं पोटात घालणारं
आणि वर्षानुवर्षं ब्र न काढणारं.
दुखत नाही, ही त्याची खोड.

श्वास घ्या. सोडा. आता धरा.
यंत्र ठोकायला लागलं.
काचेतून दिसले दस्तगीरभाई,
बाकावर ताठ, मान एका बाजूला,
जशी भोपळ्यावर टिचकी मारताना असेल.
"काळी दोन," नंतर म्हणाले. "किंचित चढी."

मी त्यांना सांगायला गेले, जमेल तसं:
पाण्यातले कण आणि चरबीतले कण
चुंबकात दोन्ही गुणगुणतात,
पण चरबी जराशी खाली.
एका क्षणी दोघांचं जुळतं, पडदा उजळतो,
पुढच्या क्षणी एकमेकांना खातात, काळोख.
त्या उजेडाकाळोखातून आकडा निघतो.

"म्हणजे दोन तारा, थोड्या बेसूर."
हो, तसंच.
"मग डोल येतो त्यांच्यात. वँव, वँव.
आम्ही तो मिटेस्तोवर खुंटी पिळतो.
तुम्ही काय करता?"
आम्ही डोल मोजतो, भाई.
खुंटी आमच्या खोलीत नसते.

ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले.

शंभरात तेवीस.
पाचाच्या आत असायला हवं, हे डॉक्टर सांगतील,
शाळेबाहेरची गाडी, रात्रीचा मोबाईल,
खेळाच्या तासाला भिंतीला टेकून उभं राहणं,
तेही तेच विचारतील, हळू आवाजात.
मी नाही. यंत्र नवं आलं तेव्हा
चाचणीसाठी मीच झोपले होते आत.
अकरा.
तो कागद मी कुठे ठेवला, मला आठवत नाही,
असं मी म्हणते.

अल्फिया बाहेर आली, डोळे चोळत.
"चित्र दाखवाल?"
दाखवलं. करडा, मोठा, बेढब पानासारखा आकार.
"छान आहे," ती म्हणाली,
आणि मला काय बोलावं सुचेना.

ट्रेमधल्या पंधरा क्लिपा परत लावताना
वेणीच्या आतून एक निघाली. सोळावी.
माझ्या हाताला घाम फुटला.
अगं, आत काही झालं नाही तुला?
"कुणीतरी केस ओढत होतं," ती म्हणाली.
"मला वाटलं, असंच असतं."